२.२० म्हणजे नेमके किती?

सीमाभागातल्या माणसाला एक गोष्ट शाळेत शिकवावी लागत नाही. शब्द कितीही ओळखीचा वाटला तरी तो कोणत्या भाषेतून आला आहे, हे आधी पाहायचे. ‘विस्तीर्ण’ हा शब्द घ्या. मराठीत ते विशेषण. विस्तीर्ण मैदान, विस्तीर्ण तळे. पण कन्नड पहाणी उताऱ्यावर ‘विस्तीर्ण’ असा रकानाच असतो आणि तिथे ते चक्क नाम आहे, अर्थ क्षेत्रफळ. कन्नड आजी नातवाला अंगणातले ‘मर’ दाखवते तेव्हा ती झाड दाखवत असते. मराठी आजीच्या तोंडी तोच शब्द आला तर नातवाने काही तरी उद्योग करून ठेवला आहे असे समजावे! ज्या घरांत दोन्ही भाषा नांदतात तिथे याचा घोटाळा सहसा होत नाही, कारण शब्दाबरोबर त्याची जातकुळीही आपण नकळत लक्षात ठेवतो.

कोशकारांनी हे फार पूर्वी ओळखले होते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. त्यात शब्द दिला की पुढे एक-दोन अक्षरांची खूण येते: पुल्लिंगी नाम, स्त्रीलिंगी नाम, विशेषण, क्रियापद. अर्थ त्यानंतर. म्हणजे हा शब्द कोणत्या जातीचा, हे आधी सांगायचे आणि तो काय म्हणतो ते मग.

आज हा विषय काढण्याचे कारण वेगळे आहे. “आमची मुलगी बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पण ती म्हणते, सध्या मी प्रोग्रॅम लिहीत नाही, डॉक्युमेंटेशन लिहिते. म्हणजे तिला खालच्या कामावर टाकले का हो?” हा प्रश्न मला एकाहून अधिक पालकांनी काळजीच्या सुरात विचारला आहे. उत्तर एका शब्दात ‘नाही’ असे आहे. पण त्या ‘नाही’मागे बरेच काही आहे, आणि ते समजायला संगणक शिकलेला असण्याची गरज नाही. शेतीचा उतारा वाचता आला तरी पुरे.

आपल्याकडे अनेक घरांची थोडी जमीन बेळगाव किंवा खानापूर तालुक्यात असते आणि थोडी पलीकडे चंदगड, गडहिंग्लजकडे. दोन्हीकडचे उतारे शेजारी ठेवा. समजा, दोन्हींवर क्षेत्र २.२० असे लिहिले आहे. आकडा तोच. पण कर्नाटकातल्या पहाणीवर त्याचा अर्थ २ एकर २० गुंठे. एका एकरात ४० गुंठे, म्हणून हे झाले बरोबर अडीच एकर. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर त्याचा अर्थ २ हेक्टर २० आर. एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर, तेव्हा हे झाले साधारण ५ एकर १७ गुंठे. कागदावर दोन भावांना सारखाच वाटा आला असे दिसेल. प्रत्यक्षात एकाला दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त!

आता बेरीज करून पाहा. १ एकर ३० गुंठ्यांचे दोन तुकडे एकत्र केले तर किती? आपले म्हातारे बोटांवर मोजून सांगतील, ३ एकर २० गुंठे. गणकयंत्रावर १.३० अधिक १.३० केले तर उत्तर येते २.६०. साठ गुंठे कुठे असतात का? यंत्राची यात चूक नाही. त्याला आपण दशांश अपूर्णांक दिला आणि त्याने दशांशाचीच बेरीज केली. आपण दिलेली वस्तू दशांश नव्हतीच. ती एकर आणि गुंठे अशी दोन निरनिराळ्या अंकांची जोडी होती आणि मध्ये टिंब होते एवढेच.

संगणकाच्या भाषेत याला ‘डेटा टाइप’ म्हणतात. मराठीत माहितीचा प्रकार म्हणा. हातातली वस्तू पूर्णांक आहे, अपूर्णांक आहे, मजकूर आहे, तारीख आहे, यादी आहे की ‘एकर-गुंठे’ आहे, हे ठरले की तिच्यावर कोणत्या क्रिया करता येतील आणि त्या कशा करायच्या हेही ठरते. मोबाईल क्रमांक अंकांनीच बनलेला असतो, पण दोन मोबाईल क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही. तो मजकूर आहे. एसटीडी क्रमांकाच्या आरंभीचे शून्य पूर्णांकात टिकत नाही, मजकुरात टिकते. प्रकार चुकला की शून्य गेले आणि फोन लागला नाही.

असे प्रकार एका मोठ्या प्रोग्रॅममध्ये शेकडो असतात. ज्याने ते बनवले तो वर्षभराने दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. मागे राहिलेल्याने समजून घ्यायचे कसे? त्यासाठी डॉक्युमेंटेशन, म्हणजे प्रोग्रॅमची माहितीवजा कागदपत्रे. १९९६ साली जावा भाषेची पहिली आवृत्ती बाहेर आली तेव्हा तिच्याबरोबर ‘जावाडॉक’ नावाचे साधन होते. प्रोग्रॅमच्या मजकुरातच एक तिरकी रेघ आणि दोन तारका काढून टिपण लिहायचे. जावाडॉक ती टिपणे उचलून नीटनेटकी पाने तयार करते आणि शेवटी अ पासून ज्ञ पर्यंत असावी तशी, इंग्रजी वर्णक्रमाने नावांची सूची लावून देते. पाने हजारांवर गेली की सूचीवरून बोट फिरवत बसणे जमत नाही. २०१७ साली जावाच्या नवव्या आवृत्तीपासून या पानांवर शोधाची चौकट आली. नाव टाइप करायला लागा, खाली जुळणाऱ्या नोंदी दिसू लागतात.

इथेच खरी गंमत सुरू होते. शोध लागतो तो सूचीत जे असेल त्याचाच. आणि सूचीत काय जाते? सर्वसाधारण अनुभव असा, की ‘फंक्शन’ म्हणजे काम करून देणारे तुकडे, त्यांची टिपणे सगळे मन लावून लिहितात. ती क्रियापदे आहेत ना! मोज, जोड, छाप, पाठव. पण ज्या वस्तूंवर हे सगळे चालते ती नामे, म्हणजे डेटा टाइप, त्यांच्यापुढे एखादी उदास ओळ असते. ‘क्षेत्र: जमिनीचे क्षेत्र.’ वाचणाऱ्याला काय कळले? काही नाही. हे तर त्याला नावावरूनच कळले होते.

नोंदीवरची जात चुकीची राहिली तर काय होते, याचे एक चांगले उदाहरण पायथन भाषेत आहे. हल्ली शाळा-कॉलेजात पायथन सर्रास शिकवतात, त्यामुळे घरातल्या मुलांना हे माहीत असेल. तिच्यात ‘लिस्ट’ म्हणजे यादी आणि ‘इंट’ म्हणजे पूर्णांक. आरंभी ‘इंट’ लिहून पुढे कंस केला की ते एक फंक्शन चाले. मजकूर द्या, पूर्णांक घ्या. २००१ च्या डिसेंबरात पायथनची २.२ ही आवृत्ती आली आणि आतली रचना बदलली. इंट, लिस्ट ही नावे फंक्शनांची राहिली नाहीत, ती स्वतःच डेटा टाइप झाली. वापरणाऱ्याला वरून फरक दिसत नव्हता. त्यामुळे कागदपत्रांत मात्र त्यांची गणना पुढे कित्येक वर्षे फंक्शनांतच होत राहिली. शिकणारा ‘लिस्ट’ शोधी आणि त्याला यादी तयार करणारे एक फंक्शन सापडे. यादी ही वस्तू काय आहे, तिच्यात भर कशी घालायची, ती जागच्या जागी बदलते की नवी होते, हे दुसऱ्याच पानावर. आज ती नोंद सुधारलेली आहे. फंक्शनांच्या पानावर स्पष्ट सांगितले आहे, की हे खरे तर फंक्शन नसून बदलता येणाऱ्या क्रमवार यादीचा प्रकार आहे, त्याची सविस्तर माहिती अमुक ठिकाणी पाहा.

पायथनची ही कागदपत्रे ‘स्फिंक्स’ नावाच्या साधनाने तयार होतात. गेऑर्ग ब्रांडल यांनी ते याच कामासाठी केले आणि २००८ साली सर्वांसाठी खुले केले. स्फिंक्स प्रत्येक नावाची एक यादी राखते. त्यात नाव, ते कोणत्या जातीचे आणि त्याचा पत्ता, म्हणजे कोणत्या पानावर, अशी नोंद असते. शोधल्यावर निकालात नावापुढे ती जातही दिसते. मोल्सवर्थने शब्दापुढे घातलेली खूण आणि ही खूण यांत मला तरी काही फरक दिसत नाही.

पण वाचकहो, याहून अवघड प्रसंग पुढेच आहे. नावच माहीत नसेल तर? आपल्या घरातले उदाहरण घ्या. मराठीत आईच्या बहिणीला मावशी आणि काकांच्या बायकोला काकू. कन्नडमध्ये आईची धाकटी बहीण आणि वडिलांच्या धाकट्या भावाची बायको, दोघींनाही ‘चिक्कम्मा’. नव्याने घरात आलेल्या मराठी सुनेने कन्नडची नातेसूची उघडली आणि ‘मावशी’ शोधले तर तिला काहीच मिळणार नाही. तिला नाव ठाऊक नाही, पण नाते ठाऊक आहे. ‘आईची धाकटी बहीण’ असे वर्णन देऊन शोधता आले तर काम होईल.

प्रोग्रॅमच्या बाबतीत ही सोय झाली आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या मिकाएल रिट्री या संशोधकाने १९८९ साली एक निबंध वाचला. कल्पना अशी, की फंक्शन त्याच्या नावाने न शोधता त्याच्यात काय जाते आणि त्यातून काय येते या प्रकारांवरून शोधावे. पुढे २००४ पासून नील मिचेल यांनी हास्केल नावाच्या भाषेसाठी ‘हूगल’ हे शोधसाधन उभे केले. त्यात ‘मजकूर द्यायचा, मजकुरांची यादी घ्यायची’ असे प्रकारांच्या खुणांत लिहिले की ‘लाइन्स’ आणि ‘वर्ड्स’ ही फंक्शने समोर येतात. एक मजकुराच्या ओळी वेगळ्या करते, दुसरे शब्द वेगळे करते. शोधणाऱ्याला दोन्ही नावे ठाऊक नव्हती, तरी सापडली. रस्ट या नव्या भाषेच्या कागदपत्रांतही आता असा शोध घेता येतो.

मात्र या जादूला एक अट आहे. सूचीत प्रकार नीट नोंदलेले हवेत. क्षेत्र हा प्रकार कुणी ‘अपूर्णांक’ म्हणून नोंदवला असेल, तर ‘क्षेत्र द्या, सारा मिळवा’ असे शोधणाऱ्याला काहीच दिसणार नाही. आणि ज्याने ‘अपूर्णांक द्या’ असे शोधले, त्याच्यासमोर व्याजाचा दर, तापमान आणि शेतजमीन एकाच रांगेत येऊन उभे राहतील.

एवढ्याशा नोंदीने काय बिघडणार, असे कुणाला वाटेल. त्यासाठी ४ जून १९९६ चा दिवस आठवावा. त्या दिवशी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्यांदा झेपावले. त्यात चार वैज्ञानिक उपग्रह होते. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यावर सुमारे ४० सेकंदांत, ३,७०० मीटर उंचीवर ते वाट सोडून फिरले आणि फुटले. कारण निघाले ते डेटा टाइपचे. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतल्या प्रोग्रॅममध्ये एक आकडा ६४ बिटांच्या अपूर्णांकातून १६ बिटांच्या पूर्णांकात घालायचा होता. या लहान डब्यात उणे ३२,७६८ ते ३२,७६७ एवढेच आकडे मावतात. आलेला आकडा त्याहून मोठा होता. मुख्य आणि राखीव, दोन्ही यंत्रणांत तोच प्रोग्रॅम होता, त्यामुळे दोन्ही एकाच कारणाने बंद पडल्या.

हा प्रोग्रॅम आधीच्या एरियान-४ साठी लिहिलेला होता. त्याच्या कर्त्यांनी विचार केलाच नव्हता असे मुळीच नाही. असे धोक्याचे सात आकडे त्यांनी शोधून काढले होते. संगणकावरचा भार मर्यादेत ठेवायचा म्हणून चारांना संरक्षण दिले आणि तिघांना दिले नाही. कारण एरियान-४ च्या वेगात ते आकडे कधीच इतके वाढणार नव्हते. निर्णय एरियान-४ पुरता बरोबर होता. एरियान-५ चा आडवा वेग मात्र फार लवकर वाढत होता.

जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने जुलै १९९६ मध्ये अहवाल दिला. त्यातला एक मुद्दा मला नेहमी महत्त्वाचा वाटतो. संरक्षण न देण्यामागचे कारण प्रोग्रॅमच्या मजकुरात जिथे तो आकडा होता तिथे लिहिलेले नव्हते. कागदपत्रे मात्र ढीगभर होती, आणि त्या ढिगात ते गृहीतक बाहेरून तपासणाऱ्यांच्या नजरेआड गेले. मुद्दाम कुणी लपवले नव्हते. नोंद सापडायला हवी त्या जागी नव्हती, इतकेच. आता सांगा, डॉक्युमेंटेशन लिहिणे हे खालचे काम आहे का?

मग चांगली नोंद कशी असावी? आपल्या ‘क्षेत्र’ या प्रकाराचीच करून पाहू. पहिल्या ओळीत तो काय आहे ते सांगावे: जमिनीचे क्षेत्र, एकर आणि गुंठे असे दोन पूर्णांक. दुसऱ्या ओळीत सीमा: गुंठे ० ते ३९, चाळीस झाले की एक एकर वाढतो. तिसऱ्या ओळीत तो काय नाही हे सांगावे: हा दशांश अपूर्णांक नाही, मधले टिंब फक्त छपाईपुरते. चौथी ओळ रिकाम्या जागेची. क्षेत्र शून्य असणे वेगळे आणि मोजणी न झाल्याने क्षेत्र माहीतच नसणे वेगळे. नोंदीत दोन्ही वेगवेगळे दिसले पाहिजे. पाचव्या ओळीत ये-जा: हेक्टर-आरमधून हा प्रकार कोणते फंक्शन बनवून देते आणि याच्यापासून सारा काढणारे फंक्शन कोणते. शेवटी एक छोटे उदाहरण: १ एकर ३० गुंठे अधिक १ एकर ३० गुंठे बरोबर ३ एकर २० गुंठे. हे एक उदाहरण वाचले की पुढचा माणूस २.६० च्या वाटेला जाणार नाही.

आणि सूचीसाठी आणखी एक गोष्ट हवी. लोक ज्या-ज्या नावांनी हे शोधतील ती सर्व नावे. कुणी ‘एरिया’ शोधील, कुणी ‘क्षेत्रफळ’, तर कुणी ‘विस्तीर्ण’. सर्वांना एकाच पानावर आणून सोडले पाहिजे. इथे मात्र आपल्या भागातल्या मुलांना जन्मजात फायदा आहे, असे मला वाटते. एकाच वस्तूला दोन नावे असतात आणि एकाच नावाच्या दोन वस्तू असतात, हे ज्याला स्वयंपाकघरातच कळले, त्याला सूची लिहिताना समोरचा माणूस कोणत्या शब्दाने येईल हे सुचते. एकाच भाषेत वाढलेल्याला ते मुद्दाम आठवावे लागते.

यावर एखादा हुशार चिरंजीव म्हणेल, “काका, ही पाने साधने आपोआप बनवतात. आणि आता तर एआयसुद्धा लिहून देते.” बरोबर आहे. ‘दोन पूर्णांकांची जोडी’ एवढे साधन प्रोग्रॅम पाहून आपोआप लिहील. पण दुसरा पूर्णांक गुंठ्यांचा आहे, तो एकोणचाळीसच्या वर जात नाही आणि रिकामा असेल तर मोजणी बाकी आहे, हे प्रोग्रॅममध्ये लिहिलेले नसेल तर ते साधनाला कुठून कळणार? ते तलाठ्याच्या दप्तरात किंवा शेतकऱ्याच्या डोक्यात असते. ते विचारून आणून सूचीत घालणे माणसाचे काम आहे. प्रोग्रॅम लिहून देणारी एआय साधनेही हीच कागदपत्रे वाचतात. तिथे नुसते ‘संख्या’ असे लिहिले असेल, तर तीही सुखाने २.६० उत्तर देतील.

तेव्हा ज्या पालकांनी मला विचारले त्यांना माझे सांगणे असे. मुलगी पुढच्या सुटीत घरी आली की जेवणानंतर तिला निवांत बसवा आणि तिने नोंदवलेला एखादा डेटा टाइप समजावून सांगायला सांगा. मराठीत सांगू दे, कन्नडमध्ये सांगू दे, दोन्ही मिसळून सांगितले तरी हरकत नाही. त्यात काय मावते, काय मावत नाही, रिकामा असला तर काय समजायचे, हे तुम्हाला कळेपर्यंत विचारत राहा. तुम्हाला कळले तर तिची नोंद उत्तम आहे. आणि एखाद्या प्रश्नावर ती थबकून म्हणाली, “थांबा अप्पा, हे लिहायला हवे,” तर तिच्या कंपनीने तुमचेही थोडे आभार मानायला हरकत नाही!